विल्यम मॉरिस डेव्हिस: क्षरणचक्रामागचा प्राध्यापक

समोच्चरेषा (धागाकर्ता)

भूगोल घेऊन पदवी केलेल्या कुणालाही डेव्हिस म्हटलं की एकच गोष्ट आठवते, क्षरणचक्र, म्हणजे उचलली गेलेली जमीन झिजत झिजत टप्प्याटप्प्याने सपाट होते ही कल्पना. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था, तीन आकृत्या आणि शेवटी 'टीका' या मथळ्याखाली चार-पाच मुद्दे. परीक्षा झाली की डेव्हिस संपला. मला मात्र हा माणूस पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. भूगोल हा विषय अमेरिकन विद्यापीठांत स्वतःच्या पायावर उभा राहिला त्यात याचा वाटा फार मोठा आहे. आणि तो वाटा सिद्धांतापेक्षाही वर्गात शिकवण्यातून आला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

जन्म 12 फेब्रुवारी 1850, फिलाडेल्फिया. घर क्वेकर पंथाचं. आईची आई म्हणजे ल्युक्रेशिया मॉट, गुलामगिरीविरोधी चळवळीतलं आणि स्त्रियांच्या हक्कांच्या लढ्यातलं अमेरिकेतलं मोठं नाव. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात गेले. शस्त्र न उचलण्याचं तत्त्व मोडलं म्हणून पंथाने त्यांना बाहेर काढलं. पटलेल्या गोष्टीपासून मागे हटायचं नाही, हे त्या घरातच होतं.

हार्वर्डची पदवी 1869 ची, पुढच्याच वर्षी खाणकाम अभियांत्रिकीची. तिथून थेट अर्जेंटिना. कॉर्डोबाला बेंजामिन गूल्ड राष्ट्रीय वेधशाळा उभी करत होता, तिथे डेव्हिस तीन वर्षं साहाय्यक. भूगोलाशी या कामाचा संबंध नव्हता, पण शिस्तीने निरीक्षण करून नोंदी ठेवण्याची सवय तिथे लागली असणार. परतल्यावर काही काळाने तो हार्वर्डमध्येच नॅथॅनिएल शेलर या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाताखाली रुजू झाला. शेलर मुलांचा लाडका, बोलका, रंगवून सांगणारा. डेव्हिस अगदी उलट: मोजकं बोलणारा, काटेकोर, चुकीला माफी नसलेला.

आता मुख्य प्रसंग. 1882 मध्ये हार्वर्डचा अध्यक्ष चार्ल्स एलियट याने डेव्हिसला पत्र लिहून कळवलं की इथे तुमच्या बढतीची फारशी आशा दिसत नाही. डेव्हिस 32 वर्षांचा, लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली, नावावर छापील काम फारसं नाही. एलियट काही दुष्ट नव्हता. पुराव्यावर बोट ठेवून बोलणारा प्रशासक होता आणि पुरावा खरंच तोकडा होता. डेव्हिसने दुसरीकडे काम शोधलं नाही. तो लिहायला बसला आणि मरेपर्यंत उठला नाही. हयातभरात त्याने 500 हून अधिक लेख आणि पुस्तकं लिहिली.

पुढच्याच वर्षी, 1883 च्या उन्हाळ्यात, तो एका सर्वेक्षणाबरोबर मॉन्टानात गेला. काम होतं कोळशाचे थर पाहण्याचं. पाहता पाहता नजर गेली जमिनीच्या आकाराकडे. अफाट सपाट माळ आणि त्यावर मधेच लाव्हाचं कठीण झाकण असलेले उंचवटे. उंचवट्यांच्या माथ्यापर्यंत कधीकाळी सगळीकडेच खडक होता, तर मधला सगळा गेला कुठे? नद्यांनी वाहून नेला. म्हणजे पुरेसा वेळ मिळाला तर पाणी अख्खा प्रदेश खाली आणून सपाट करू शकतं. क्षरणचक्राची कल्पना इथे रुजली.

तिचं पहिलं मोठं फळ म्हणजे 1889 चा पेनसिल्व्हेनियातल्या नद्या आणि खोऱ्यांवरचा लेख. ॲपलाचियन पर्वताचा तो भाग नकाशावर पाहा. लांबच लांब समांतर डोंगररांगा, त्यांचे माथे दूरवर जवळजवळ एकाच पातळीत. आणि सस्क्वेहाना नदी या रांगांना वळसा न घालता एकामागून एक आडव्या कापत जाते. नदीला शेजारची मऊ खडकाची दरी सोडून कठीण डोंगर फोडायची गरज काय होती? डेव्हिसचं उत्तर असं: हे माथे म्हणजे एका जुन्या, झिजून जवळजवळ सपाट झालेल्या मैदानाचे अवशेष. तो प्रदेश पुन्हा उचलला गेला, नद्यांना नव्याने धार आली, मऊ खडक खोदला गेला आणि कठीण खडक रांगा होऊन उभा राहिला. शिवाय जोरकस नदी शेजारणीचं पाणी पळवते, त्या नदीचौर्यानेही प्रवाहांच्या वाटा बदलत गेल्या. यातले बरेच तपशील पुढच्या संशोधकांनी खोडून काढले आहेत. पण नुसतं वर्णन न करता एखाद्या भूप्रदेशाचा इतिहास त्याच्या आजच्या आकारावरून वाचायचा, ही पद्धत इथे पहिल्यांदा इतक्या विस्ताराने दिसते.

त्या जवळजवळ सपाट मैदानाला त्याने पेनिप्लेन म्हटलं. त्यावर एकट्याने टिकून राहिलेल्या टेकडीला न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट मोनॅडनॉकवरून मोनॅडनॉक. तो खरा डोंगर 965 मीटरचा आहे.

1885 मध्ये असिस्टंट प्रोफेसर, 1890 मध्ये पूर्ण प्राध्यापक. आणि 1892 मध्ये शाळांचा अभ्यासक्रम ठरवायला राष्ट्रीय पातळीवर दहा जणांची समिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष कोण, तर तोच एलियट. भूगोलासाठी जी उपसमिती झाली तिच्यात डेव्हिस होता. शाळेतला भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांची घोकंपट्टी नव्हे, जमीन अशी का दिसते हे मुलांना कळलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्यासाठी शिक्षकही तयार केले पाहिजेत म्हणून त्याने हार्वर्डला उन्हाळी वर्ग घेतले. 1904 मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन जिओग्राफर्स स्थापन झाली तीही त्याच्याच पुढाकाराने, आणि पहिला अध्यक्षही तोच.

बाकीचं चर्चेत येऊ द्या.

नदीकाठ

फार छान. एलियटच्या पत्राचा भाग माहीत नव्हता. एक शंका. क्षरणचक्र ही डेव्हिसची स्वतःची कल्पना म्हणायची का? पॉवेल आणि गिल्बर्ट यांनी हे आधीच मांडलं होतं असं वाचल्याचं आठवतं.

समोच्चरेषा

सुटे भाग त्यांचेच. नदी कुठल्या पातळीच्या खाली खोदू शकत नाही, ही आधारपातळीची कल्पना जॉन वेस्ली पॉवेलने 1875 मध्ये मांडली. हा पॉवेल म्हणजे यादवी युद्धात हात गमावलेला आणि तरीही 1869 मध्ये होड्या घेऊन ग्रँड कॅन्यनमधून गेलेला. नदीचा उतार, पाणी आणि गाळ यांचा ताळमेळ कसा बसतो हे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने 1877 च्या हेन्री पर्वताच्या अहवालात दाखवलं.

डेव्हिसने हे सगळं काळाच्या एका धाग्यात ओवलं. डार्विननंतरचा काळ, उत्क्रांती हवेतच होती. जमिनीलाही वय असतं, तिचं आजचं रूप ही एका प्रवासातली अवस्था आहे, हे डेव्हिसचं. सर्वांत सुबक मांडणी 1899 च्या 'जिओग्राफिकल जर्नल'मधल्या लेखात आहे.

गाळमापक

लेख चांगला आहे, पण मला दुसरी बाजू मांडू द्या. माझं काम नद्यांतला गाळ आणि प्रवाह मोजण्याचं. आमच्या क्षेत्रात डेव्हिसचं नाव फार आदराने घेतलं जात नाही आणि त्याला कारण आहे.

डेव्हिसच्या चक्रात आकडे नाहीत. उतार किती, प्रवाह किती, दर वर्षी किती माती जाते, काही नाही. नदी पाहायची आणि तिला प्रौढ म्हणायचं. याच काळात गिल्बर्ट काय करत होता बघा. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर फोडले गेले आणि तो सगळा राडारोडा नद्यांत आला. गिल्बर्टने लाकडी पन्हळीत पाणी सोडून, वाळू टाकून, किती वेगाचं पाणी किती जाडीचे कण किती प्रमाणात नेतं हे मोजलं. तो अहवाल 1914 चा, आणि आजही आम्ही त्याचा दाखला देतो. पण त्याच्यामागे शिष्यांची फौज नव्हती, कारण तो सरकारी भूगर्भ सर्वेक्षणात होता, विद्यापीठात नव्हता. डेव्हिसकडे वर्ग होता. परिणाम असा की पुढची कित्येक दशकं भूरूपशास्त्रात लोक पेनिप्लेनचे तुकडे शोधत हिंडले आणि मोजमाप मागे पडलं. 1945 मध्ये हॉर्टन नावाच्या अभियंत्याने जलप्रवाहांच्या जाळ्याचं गणित मांडलं, 1950 च्या दशकात स्ट्रालरने ते पुढे नेलं, तेव्हा गाडी रुळावर आली. 1960 मध्ये जॉन हॅकने तर ॲपलाचियनच्याच प्रदेशासाठी सांगितलं की इथे अवस्था वगैरे मानायची गरजच नाही. खडक, उतार आणि प्रवाह यांचा तोल बसलेला असतो आणि झीज चालू राहूनही रूप साधारण तेच राहतं.

खडू_फळा

मी भूगोल शिकवते, त्यामुळे मला इथे बोललंच पाहिजे. गाळमापक, तुमचा मुद्दा खरा आहे, पण वर्गात उभं राहून बघा. समोर अशी मुलं आहेत ज्यांनी डोंगर पाहिलाय, पण डोंगराला भूतकाळ असतो हे कधी मनातही आलेलं नाही. त्यांना पहिल्याच तासाला गाळवहनाचं समीकरण देऊन चालत नाही.

डेव्हिस यांची खरी ताकद मला त्यांच्या ठोकळाचित्रात दिसते. ज्यांनी ते काढून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीचा एक चौकोनी तुकडा केकसारखा कापून काढायचा आणि तिरक्या कोनातून दाखवायचा. वरच्या पृष्ठावर दऱ्या, नद्या, डोंगर. समोरच्या आणि बाजूच्या कापावर आतले खडकांचे थर. म्हणजे वर काय दिसतं आणि ते तसं का दिसतं, दोन्ही एकाच चित्रात. कठीण थर कापावर वर येतो तिथेच पृष्ठावर रांग उभी, मऊ थर वर येतो तिथे दरी. मग शेजारी दुसरा ठोकळा, तोच तुकडा आणखी झिजल्यावर. तिसरा, त्याहून पुढचा. मी फळ्यावर पहिले दोन काढते आणि तिसरा मुलांना काढायला सांगते. बहुतेकांना तो जमतो. ज्याला जमला नाही त्याला नेमकं काय कळलेलं नाही तेही तिथल्या तिथे दिसतं. एखाद्याने रांग मऊ थरावर काढलेली असते, एखाद्याची नदी चढावर वाहते. शंभर ओळींच्या उत्तरातून हे कळत नाही.

डेव्हिस स्वतः उत्तम चित्रं काढत. केवळ चित्रांवर न थांबता त्यांनी भूरूपांचे प्रतिकृती-संचही तयार करून घेतले होते, शाळा-कॉलेजांत वापरण्यासाठी. माझ्या लेखी हे संशोधनाइतकंच मोठं काम आहे.

गाळमापक

ठोकळाचित्राबद्दल वाद नाही, आम्हीही वापरतो. माझा आक्षेप एवढाच की शिकवण्यासाठी केलेलं सोपं चित्र हेच निसर्गाचं वागणं आहे, असं पुढे मानलं गेलं.

खडू_फळा

त्याबद्दल मीही तुमच्याच बाजूने. पण ते मानणारे बहुतेक त्यांच्यानंतरचे. 1899 च्या लेखात त्यांनी रचना, प्रक्रिया आणि काळ असे तीन घटक सांगितलेत. जमीन एका झटक्यात उचलली जाते हे गृहीतक त्यांनी समजावण्याच्या सोयीसाठी घेतलं होतं. उचल सावकाश होऊ शकते, झीज तिच्याबरोबरच सुरू होते, चक्र मधेच तुटू शकतं, हे सगळं त्याच लेखात आहे. आपल्या नोट्समध्ये 'डेव्हिसने मंद उत्थान विचारात घेतले नाही' असं सरळ लिहिलेलं असतं आणि मुलं तेच उतरवतात. मूळ लेख वाचलेला शिक्षकच विरळा.

हायडेलबर्गकर

टीकेचा विषय निघालाच आहे तर पेंक प्रकरण सांगतो. जर्मन संदर्भाशिवाय ही गोष्ट अर्धी राहते.

आल्ब्रेख्त पेंक हा बर्लिनचा मोठा भूगोलतज्ज्ञ आणि डेव्हिसचा स्नेही. 1908-09 मध्ये डेव्हिस बर्लिनला पाहुणा प्राध्यापक म्हणून आला, जर्मनमध्ये व्याख्यानं दिली, आणि 1912 मध्ये त्यावरून जर्मनमध्येच जाडजूड पुस्तक काढलं. आल्ब्रेख्तचा मुलगा वाल्टर पेंक याने मात्र डेव्हिसच्या विरोधात भूमिका घेतली. आधी उचल आणि मग झीज असं नसतं, दोन्ही एकाच वेळी चालतात. उचलीचा वेग वाढतोय की मंदावतोय हे डोंगरउताराच्या आकारावरून ओळखता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. 1923 मध्ये वयाच्या अवघ्या पस्तिशीत कर्करोगाने तो गेला. पुस्तक अपुरं होतं, ते वडिलांनी 1924 मध्ये छापलं. भाषा इतकी अवघड की जर्मन वाचकही अडखळत.

इंग्रजी जगाला ते पुस्तक मुळातून वाचायला मिळालं 1953 मध्ये. तोवर पेंक काय म्हणतो हे बहुतेकांना माहीत होतं ते डेव्हिसच्या 1932 च्या लेखातून. त्यात डेव्हिसने पेंकच्या तोंडी घातलं की उतार स्वतःला समांतर राहून मागे सरकतात. मूळ पुस्तकात पेंक वेगळं सांगतो: खालच्या बाजूने कमी चढाचा उतार वर पसरत जातो आणि तीव्र उताराची जागा घेतो. नंतरच्या अभ्यासकांनी हे दाखवून दिलं. तोवर पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी 'डेव्हिसचा उतार विरुद्ध पेंकचा उतार' अशी चुकीची जोडी पाठ करत आले. पेंक उत्तर द्यायला हयात नव्हता. डेव्हिसवर माझा सर्वांत मोठा राग आहे तो यासाठी.

नदीकाठ

हे भयंकर आहे. आम्हीही तीच जोडी पाठ केली. त्याने हे मुद्दाम केलं असं म्हणायचंय का?

हायडेलबर्गकर

मुद्दाम नसावं. ऐंशीच्या घरातला माणूस, मूळ जर्मन किचकट, आणि आपल्याच सिद्धांताच्या चष्म्यातून वाचणं. पण चूक त्याची आणि भोगलं दुसऱ्याने.

अश्विनी_नक्षत्र

मला या धाग्यात मानवी भूगोलाबद्दल काहीच दिसलं नाही. डेव्हिसने भूगोलाची व्याख्या केली ती अशी की निर्जीव घटकांचं नियंत्रण आणि सजीवांचा त्याला प्रतिसाद यांचं नातं म्हणजे भूगोल. ऐकायला नेटकी, पण यातून माणूस फक्त प्रतिसाद देणारा उरतो. त्याचा विद्यार्थी एल्सवर्थ हंटिंग्टन याने पुढे हवामानावरून संस्कृतींची प्रतवारी लावली. दुसरा विद्यार्थी रॉबर्ट वॉर्ड, हार्वर्डला हवामानशास्त्राचा प्राध्यापक झालेला, स्थलांतरितांच्या अमेरिकेत येण्यावर निर्बंध आणावेत म्हणून 1894 मध्ये निघालेल्या संघटनेच्या संस्थापकांपैकी होता. शिष्यांचं सगळं खापर गुरूवर फोडता येत नाही, मान्य. पण ल्युक्रेशिया मॉटच्या नातवाचा वर्ग होता हा, म्हणून जास्त खुपतं.

दुसरी गोष्ट. 1904 च्या त्या असोसिएशनचे मूळ सभासद 48, त्यांत स्त्रिया दोनच: एलेन चर्चिल सेंपल आणि मार्था क्रुग गेंथे. गेंथेबाईंकडे हायडेलबर्गची भूगोलातली डॉक्टरेट होती, आणि त्या 48 जणांत भूगोलातली डॉक्टरेट फक्त त्यांच्याकडे होती. त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

समोच्चरेषा

अश्विनीताई, व्याख्येबद्दल पूर्ण सहमत. त्या चौकटीने अमेरिकन भूगोलाला बराच काळ अडकवून ठेवलं. फक्त शिष्यांची यादी पुरी करतो. आयझेया बोमन, 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेत अमेरिकेच्या बाजूने सीमारेषांचा अभ्यास मांडणारा. कर्टिस मार्बट, अमेरिकेचं मृदा सर्वेक्षण उभं करणारा. मार्क जेफरसन, ज्याची 'प्रधान नगर' (देशातल्या बाकी शहरांपेक्षा कितीतरी मोठं असलेलं एकच शहर) ही कल्पना आपण वस्ती भूगोलात शिकतो. हवामान, माती, शहरं, राजकारण, सगळीकडे एकाच वर्गातली मुलं. यातला एकही जण गुरूची नक्कल करत बसला नाही.

पाऊलवाट

याच हार्वर्डने 1948 मध्ये भूगोल विभाग बंद केला ना? ज्या विद्यापीठातून विषय देशभर पसरला तिथेच तो संपला.

समोच्चरेषा

हो. त्या निर्णयाच्या वेळी बोमनचं मतही विचारात घेतलं गेलं आणि त्याने विभागासाठी जोर लावला नाही, हे जास्त लागतं. मला वाटतं डेव्हिसने माणसं घडवली, पण हार्वर्डमध्ये शेवटी त्याची खुर्ची भूगर्भशास्त्राचीच होती. भूगोलाला स्वतःचं घर त्याने तिथे बांधलं नाही. 1912 मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी युरोपातल्या भूगोलतज्ज्ञांना रेल्वेने सुमारे आठ आठवडे अख्खी अमेरिका दाखवत फिरला.

नदीकाठ

निवृत्तीनंतर पुढे?

समोच्चरेषा

मला सर्वांत आवडतो तो हा भाग. 1914 मध्ये तो पॅसिफिकला गेला. फिजी, न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाची मोठी प्रवाळभित्ती. प्रश्न डार्विनचा: कंकणद्वीपं, म्हणजे मधे पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं असलेली बेटं, कशी बनतात? डार्विन म्हणाला होता की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि प्रवाळ वर वर बांधत राहतं. बरेच जण हे मानत नव्हते. डेव्हिसने प्रवाळाऐवजी मधल्या बेटाचा किनारा पाहिला. किनाऱ्यावर समुद्र दऱ्यांमध्ये आत शिरलेला, खाड्या झालेल्या. दरी नदीने खोदलेली आणि आज ती पाण्याखाली, म्हणजे जमीन खचलेली. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ डेनाने हा पुरावा पूर्वीच सुचवला होता, डेव्हिसने तो बेटामागून बेट तपासला. 1928 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ आला. 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर छिद्र पाडलं तेव्हा प्रवाळी चुनखडकाखाली, हजार मीटरहून जास्त खोल गेल्यावर, ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विन बरोबर होता, आणि त्याच्या बाजूने उभा राहिलेला डेव्हिसही.

ते पाहायला तो नव्हता. शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात गेली. तिथे वाळवंटी प्रदेशातल्या खडकाळ उतारांवर काम चालू होतं, ठिकठिकाणी व्याख्यानं चालू होती. 5 फेब्रुवारी 1934 ला पासाडेनात गेला, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी.

गाळमापक

प्रवाळाचं हे काम माझ्या वाचनात नव्हतं. यात तर्काची साखळी पक्की आहे, आणि कुठे पाहिलं तर दावा खोटा ठरेल तेही स्पष्ट आहे. क्षरणचक्रात नेमकं हेच मला सापडत नाही. 1928 चा ग्रंथ मिळवून वाचतो.

खडू_फळा

वाचलात की इथेच लिहा. विशेषतः खाड्यांच्या आकृत्यांबद्दल. पुढच्या सत्रात मला त्या वर्गात वापरायच्या आहेत.